टर्बोचार्जरचा बिघाड व त्याची बदली

मालाने भरलेली मोटार घाट चढत असता तिचा जोर एकाएकी ओसरतो, मागून काळ्या धुराचे लोट निघतात आणि एंजिनातून भोंग्यासारखी कर्कश शीळ ऐकू येते. ही लक्षणे बहुधा टर्बोचार्जर बिघडल्याची होत.

टर्बोचार्जर म्हणजे काय? एंजिनातून बाहेर पडणारा तप्त वायू एरवी वाया जातो. त्याच्या जोराने एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून एंजिनात भरावी, या योजनेचे पेटंट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस एंजिनिअरने १९०५ साली घेतले. हवा अधिक मिळाल्याने अधिक इंधन जळते व शक्ती वाढते. मोटारीतील हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. एवढ्या वेगात त्याला सावरतो तो तेलाचा पातळ थर. तेल हाच त्याचा प्राण होय.

हवा कमी पडली की काळा धूर येतो. दांड्याजवळून गळलेले तेल जळू लागले की निळसर धूर येतो. परंतु फाटलेली हवेची नळी किंवा धुळीने तुंबलेला फिल्टरही जोर कमी करतो. म्हणून प्रथम ते पाहावे. नंतर एंजिन बंद करून पूर्ण थंड झाल्यावर नळी काढावी व चक्र हाताने फिरवावे. दांडा किंचित बाजूस हलणे स्वाभाविक आहे. पण पाती कवचाला घासत असतील किंवा तुटली असतील, तर टर्बोचार्जर निकामी झाला असे समजावे.

येथेच पुष्कळांची चूक होते. ते जुना काढून नवा बसवितात आणि तोही लवकरच जातो! कारण तेलाची नळी काजळीने बुजलेली तशीच राहते. म्हणून आधी कारण शोधावे. तेल व तेलाचा फिल्टर बदलावा, तेल आणणारी नळी नवी घालावी, परतीची नळी मोकळी करावी. हवेच्या मार्गातील तेल व तुटक्या पात्यांचे कण काढून टाकावेत. गॅस्केट नवे घ्यावे. तेलाच्या सांध्यास चिकट लुकण लावू नये, कारण त्याचा कण सुटून वाट अडवितो.

नव्या टर्बोचार्जरमध्ये आधी स्वच्छ तेल ओतून चक्र हाताने फिरवावे. मग इंधन बंद ठेवून, तेलाचा दाब येईपर्यंत एंजिन स्टार्टरने थांबत थांबत फिरवावे. सुरू झाल्यावर काही मिनिटे मंद गतीने चालवून गळती तपासावी.

विद्यार्थिमित्रांनो, मोडलेली वस्तू बदलणे सोपे असते. ती का मोडली हे शोधणे हीच खरी दुरुस्ती.