हुर्यो ते नंबर वन: 'वेक मी अप' या गाण्यातून दुकानदाराने काय घ्यायचं?

नवीन मालावरचा व्हिडिओ टाकला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, नवीन माल आणला, पण रोजच्या गिऱ्हाइकांनीच नाक मुरडलं. आता ठेवू की परत करू?" प्रश्न साधा वाटतो, पण त्यात पैसे अडकलेले असतात. पन्नास हजारांचा माल रॅकवर पडून असला की रात्री झोप लागत नाही, हे मला वेगळं सांगायला नको.

आज या प्रश्नाचं उत्तर एका गाण्याच्या गोष्टीतून शोधू. गाणं आपल्याकडचं नाही, स्वीडनच्या एका डीजेचं आहे. नाव 'वेक मी अप', साल 2013. तुम्ही नाव ऐकलं नसेल, पण चाल नक्की ऐकली असेल. जिममध्ये, मॉलमध्ये, कॉलेजच्या गॅदरिंगला हे गाणं वर्षानुवर्षं वाजलंय.

आधी माणूस समजून घेऊ. टिम बर्गलिंग, जन्म 1989, गाव स्टॉकहोम. डीजे म्हणून नाव घेतलं अविची. (हो, आपल्या जुन्या ग्रंथांत ज्या नरकाचं नाव अवीची आहे तेच. बौद्ध परंपरेतला सगळ्यात खालचा नरक. साध्या स्पेलिंगचं नाव इंटरनेटवर आधीच कुणीतरी घेतलं होतं म्हणून त्याने एक अक्षर वाढवलं. दुकानाचं नाव रजिस्टर करताना आपलंही असंच होतं.) 2011 मध्ये त्याचं 'लेव्हल्स' आलं. त्यात एटा जेम्स या जुन्या गायिकेच्या 1962 च्या गाण्याचा तुकडा घेतला होता. ते गाणं जगभर गाजलं आणि पोरगा बावीस-तेवीसच्या वयात मोठमोठ्या स्टेजवर पोहोचला. 2012 मध्ये मायामीच्या अल्ट्रा म्युझिक फेस्टिव्हलमध्ये त्याच्या सेटच्या वेळी खुद्द मॅडोना स्टेजवर आली होती. म्हणजे धंद्याच्या भाषेत सांगायचं तर दुकान जोरात चालू होतं, गिऱ्हाईक बांधलेलं होतं आणि त्यांना काय हवं तेही माहीत होतं.

त्यांना हवा होता 'ड्रॉप'. इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकमध्ये ताल हळूहळू चढवत नेतात, मग क्षणभर सगळं थांबतं आणि एकदम बास कोसळतो. हजारो माणसं एका वेळी उडी मारतात. लोक तिकीट त्या उडीसाठी काढतात.

मार्च 2013. तोच फेस्टिव्हल, तेच मायामी. अविची मेन स्टेजवर. सेट चालू असताना मध्येच स्टेजवर चक्क वाद्यं घेऊन माणसं आली. गिटार, बॅन्जो, गायक. अमेरिकेच्या खेड्यापाड्यातलं कंट्री आणि ब्लूग्रास संगीत सुरू झालं. नव्या अल्बममधली गाणी तो लोकांना पहिल्यांदा ऐकवत होता आणि त्यातच 'वेक मी अप' होतं. गायक होता अलो ब्लॅक आणि गिटारवर इन्क्युबस या रॉक बँडचा माइक आइनझिगर.

गर्दी गोंधळली. काहींनी हुर्यो उडवली. सेट इंटरनेटवर थेट दाखवला जात होता, त्यामुळे घरी बसलेल्यांनीही ट्विटरवर यथेच्छ खिल्ली उडवली. डीजेच्या कार्यक्रमात बॅन्जो कशाला? पोराचं डोकं फिरलं का? असा एकूण सूर होता.

आता इथे थांबा आणि स्वतःला त्याच्या जागी ठेवा. तुमचं वय तेवीस. गाणं अजून बाजारात आलेलं नाही. तुमच्या सगळ्यात पक्क्या गिऱ्हाइकांनी, सगळ्यांसमोर, माल नाकारला आहे. तुम्ही काय कराल?

बरेच जण दोनपैकी एक करतात. घाबरून माल मागे घेतात, नाहीतर गिऱ्हाइकाला नावं ठेवत बसतात. "यांना कळतच नाही काही." त्याने दोन्ही केलं नाही. काही दिवसांतच त्याने नव्या अल्बममधल्या गाण्यांचा तासाभराचा एक मिक्स इंटरनेटवर फुकट ऐकायला ठेवला. सोबत थोडक्यात म्हणणं मांडलं की हा अल्बम प्रयोगाचा आहे, या संगीतात काय काय होऊ शकतं ते दाखवायचं आहे. बस.

मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वस्तू बदलली नाही, वस्तू दाखवण्याची जागा बदलली. रात्री हजारोंच्या गर्दीत उडी मारायला आलेल्या माणसासमोर नवी चाल ठेवली तर तो वैतागणारच. तोच माणूस घरी हेडफोन लावून, शांतपणे, दोन-तीनदा तेच ऐकतो तेव्हा कान वेगळे असतात.

माझं स्टेशनरीचं दुकान आहे, म्हणून माझं उदाहरण देतो. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आईबाबा हातात शाळेची यादी घेऊन येतात. डझनभर वह्या, कव्हरचा रोल, कंपासपेटी. मागे रांग असते, पोरगं हात ओढत असतं. त्या वेळी मी नव्या प्रकारची वही दाखवली तर उत्तर ठरलेलं, "नको दादा, नेहमीचीच द्या." ते त्या वहीबद्दलचं मत नसतं, त्या गर्दीबद्दलचं मत असतं. म्हणून नवीन माल मी जूनमध्ये काउंटरवर काढतच नाही. तीच वही ऑगस्टमध्ये, दुपारी तीन वाजता, निवांत आलेल्या बाईंच्या हातात दिली की त्या पानं उलटून बघतात, कागद चाचपतात, भाव विचारतात. भाव विचारला म्हणजे अर्धं काम झालं.

तर पुन्हा गाण्याकडे. 17 जून 2013 ला 'वेक मी अप' प्रसिद्ध झालं. वीसहून जास्त देशांत ते पहिल्या क्रमांकावर गेलं. ब्रिटनमध्ये पहिल्याच आठवड्यात 2 लाख 67 हजार प्रती विकल्या गेल्या, त्या वर्षी तोपर्यंत एका आठवड्यात कुठलंच गाणं इतकं विकलं गेलं नव्हतं. अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट 100 यादीत ते चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं आणि तब्बल 54 आठवडे त्या यादीत राहिलं. चौथा क्रमांक लक्षात नाही राहिला तरी चालेल, 54 आठवडे लक्षात ठेवा. एक वर्षाहून जास्त. दिवाळीत उडणारा माल वेगळा आणि वर्षभर रोज चार नग जाणारा माल वेगळा, हा फरक दुकानदाराला कळतोच.

ब्रिटनमधली एक गंमत सांगतो, धंद्याच्या दृष्टीने फार बोलकी आहे. तिथे मूळ गाणं इतर देशांपेक्षा उशिरा, जुलैत विकायला येणार होतं. रेडिओवर ते वाजत होतं, लोकांना विकत घ्यायचं होतं, पण दुकानात नव्हतंच. मग काय, दुसऱ्याच कुणीतरी त्याची नक्कल गाऊन विकायला ठेवली आणि ती नक्कल टॉप 40 मध्ये गेली! शेवटी मूळ गाण्याची तारीख अलीकडे आणावी लागली. जाहिरात तुम्ही करायची आणि माल शेजाऱ्याने विकायचा, याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. इन्स्टाग्रामवर रील टाकता आणि "स्टॉक पुढच्या आठवड्यात" लिहिता ना, त्यांनी हे दोनदा वाचा.

मग गिऱ्हाइकाचं ऐकायचंच नाही का?

थांबा, इथे गाडी चुकीच्या रुळावर जाऊ शकते. "लोक हसले तरी आपण ठाम राहायचं" असं वाक्य भिंतीवर लावायला छान आहे, पण हसलेले लोक बरोबर असल्याचीही उदाहरणं ढिगाने आहेत. फक्त त्यांच्यावर कुणी लेख लिहीत नाही.

बीबीएला आम्हाला एक केस हमखास असायची, 1985 ची न्यू कोक. कोका-कोलाने जवळपास दोन लाख लोकांना चव दाखवली होती, बहुतेकांना नवी चव आवडली होती. एप्रिलमध्ये नवी बाटली आणली आणि जुनी बंद केली. इतका गदारोळ झाला की जुलैत, 79 दिवसांत, जुनी चव परत आणावी लागली. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. कोकने जुनी वस्तू गिऱ्हाइकाच्या हातातून काढून घेतली. अविचीने 'लेव्हल्स' कुठे काढून घेतलं? ते होतं तिथेच होतं.

आणि दुसरं, 'वेक मी अप' नीट ऐका. सुरुवातीला फक्त गिटार आणि अलो ब्लॅकचा आवाज. साधारण लोकगीतासारखं. पण थोड्याच वेळात ताल येतो, चढतो आणि मग अविचीची ओळखीची सिंथची धून वाजते. म्हणजे उडी मारायची जागा गाण्यात आहेच! नेहमीच्या गिऱ्हाइकाला जे हवं ते काढून टाकलेलं नाही, त्याच्या आधी एक नवी खोली बांधली आहे. त्या खोलीतून जे लोक कधीच डीजेच्या कार्यक्रमाला गेले नसते तेही आत आले. रॉक ऐकणारे, कंट्री ऐकणारे, स्वयंपाक करताना रेडिओ लावणारे.

म्हणून नवीन माल नाकारला गेला की माझ्या वहीत मी तीन गोष्टी लिहितो. नाही कोण म्हणालं, रोजचं गिऱ्हाईक की नवीन? कुठल्या वेळी, कुठल्या गर्दीत म्हणालं? आणि हातात घेऊन म्हणालं की लांबून? सहा आठवडे हे लिहा. निवांत वेळी, हातात घेऊन, भाव ऐकूनही लोक खाली ठेवत असतील तर माल खरंच गेला, पुरवठादाराशी बोलून परत करा, भावना मध्ये आणू नका. पण नुसतं लांबूनच नाही म्हणत असतील तर अजून परीक्षा झालेलीच नाही.

पैसे कुणाला मिळाले?

हा भाग व्हिडिओत घेता आला नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. भागीदारीत काम करणाऱ्यांनी नीट वाचा.

हे गाणं बनलं फार पटकन. आइनझिगरच्या घरी अविची आणि तो गिटारवर सुरावट बसवत होते. शब्द हवे होते म्हणून अलो ब्लॅकला बोलावलं. त्याच्याकडे विमानप्रवासात लिहून ठेवलेल्या काही ओळी होत्या. काही तासांत गाण्याचा कच्चा आराखडा तयार. पण गाणं बाजारात आलं तेव्हा कलाकार म्हणून नाव एकट्या अविचीचं. आवाज कुणाचा हे कित्येक ऐकणाऱ्यांना माहीतच नव्हतं.

अलो ब्लॅक रडत बसला नाही. त्याने तेच गाणं स्वतःच्या नावाने, साध्या वाद्यांवर पुन्हा रेकॉर्ड केलं. 2014 च्या मार्चमध्ये त्याचं स्वतःचं 'द मॅन' हे गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. मुख्य म्हणजे पाटीवर नाव नसलं तरी कागदावर होतं. गीतलेखनात तिघांचा वाटा नोंदवलेला होता.

आता आकडे बघा. नोव्हेंबर 2014 मध्ये अलो ब्लॅकने 'वायर्ड' मासिकात एक लेख लिहून हिशेबच मांडला. पँडोरा या अमेरिकेतल्या इंटरनेट रेडिओवर 'वेक मी अप' 16 कोटी 80 लाखांहून जास्त वेळा वाजलं. त्यातून गीतलेखनाची रॉयल्टी आली 12,359 डॉलर. ती तीन लेखक आणि त्यांच्या प्रकाशकांत वाटली गेली. त्याच्या वाट्याला चार हजार डॉलरही आले नाहीत. त्या वेळच्या दराने 12,359 डॉलर म्हणजे साधारण साडेसात लाख रुपये. भागाकार करा. एकदा गाणं वाजलं की अर्धा पैसासुद्धा नाही. रुपया नाही हो, पैसा!

हे फक्त गीतलेखनाचे पैसे, रेकॉर्डिंगचे वेगळे असतात, आणि विक्री, इतर ठिकाणचं उत्पन्नही वेगळं. तरीसुद्धा ज्या गाण्याने त्या काळात स्पॉटिफायवर सगळ्यात जास्त ऐकलं गेलेलं गाणं म्हणून विक्रम केला, त्याच्या एका लेखकाचा हा अनुभव आहे. ऑनलाइन ॲपवर माल विकणाऱ्यांनी ऑर्डरचा आकडा बघून पेढे वाटण्याआधी कमिशन, परतीचा माल आणि पॅकिंग वजा करून एका नगामागे हातात काय उरतं ते काढावं.

टिम बर्गलिंग आज नाही. तब्येतीच्या तक्रारी वाढत गेल्या, 2016 मध्ये त्याने कार्यक्रम थांबवण्याचं जाहीर केलं आणि एप्रिल 2018 मध्ये ओमानमधल्या मस्कतला तो गेला. वय 28. डिसेंबर 2019 मध्ये स्टॉकहोमला त्याच्या आठवणीत मोठा कार्यक्रम झाला, तिथे स्टेजवर भरगच्च वाद्यवृंद होता आणि हे गाणं अलो ब्लॅकने गायलं. त्या वेळी कुणी हुर्यो उडवली नाही.

या आठवड्याचा गृहपाठ. तुमच्या रॅकवर सहा महिन्यांपासून पडून असलेली एक वस्तू निवडा आणि ती आत्तापर्यंत किती गिऱ्हाइकांच्या खरोखर हातात गेली ते आठवून आकडा लिहा. सोमवारी रात्री नऊच्या लाइव्हला तोच कागद घेऊन बसा, तिथून पुढे भाव कसा लावायचा ते बघू.