तापलेला दगड आणि जिवंत निखारा

केळीच्या बागा मोजायला घेतलेला ड्रोन मी पहिल्यांदा वणव्यावर नेला तो यावल अभयारण्यात. तेव्हापासून दर उन्हाळ्यात थर्मल कॅमेरा घेऊन सातपुड्यात जातो. आमच्या जळगाव-धुळ्याकडच्या ड्रोन चालवणाऱ्या पोरांच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहितोय.

1. कॅमेरा आग दाखवत नाही, उष्णता दाखवतो.
पहिल्याच दिवशी दुपारी तीनला पाल गावाच्या वरच्या अंगाला ड्रोन उडवला. पडद्यावर डोंगरभर पांढरे ठिपके. सगळ्यात मोठ्या ठिपक्याकडे मी बोट दाखवलं आणि चार माणसं खांद्यावर ब्लोअर घेऊन दीड तास चढून गेली. मीही मागोमाग गेलो. तिथे काळ्या पाषाणाची सपाट लादी होती, बाकी काही नाही. एका वयस्क पावरा वनमजुरानं तिच्यावर तळवा टेकवला, लगेच उचलला आणि म्हणाला, “भाऊ, हा दगड रात्री नऊपर्यंत असाच राहतो.” त्या दीड तासात खरी आग पलीकडच्या नाल्यात उतरली होती. चूक माझी होती आणि ती मी विसरलेलो नाही.

2. म्हणून उड्डाण पहाटे.
साडेचार ते साडेसहा. रात्रभरात दगड निवतो, निखारा निवत नाही. आपले परवडणारे कॅमेरे 8 ते 14 मायक्रॉनच्या पट्ट्यात बघतात आणि त्या पट्ट्यात तापलेली जमीनही झळकते. पेटलेली वस्तू 4 मायक्रॉनच्या आसपास जास्त उठून दिसते, पण तसे कॅमेरे फार महाग. अमेरिकेत 1962 पासून विमानातून वणव्याचे उष्णता-नकाशे काढण्याचे प्रयोग झाले. आज त्यांची विमानं दोन्ही पट्ट्यांची तुलना करून दहा हजार फुटांवरून वीतभर निखारा शोधतात, तरीही उडतात रात्रीच. आपल्याकडे ते विमान नाही, पहाट मात्र आहे.
आणखी एक. बऱ्याच कॅमेऱ्यांत तापमानाच्या दोन मर्यादा असतात, 150 अंश आणि 550 अंश. पहिलीवर ठेवला तर धगधगती कड आणि विझत आलेला बुंधा दोन्ही सारखेच पांढरे दिसतात.

3. उपग्रहाचा ठिपका म्हणजे पत्ता नव्हे.
उपग्रहाला आग दिसली की डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून वनरक्षकाच्या मोबाइलवर संदेश येतो. त्यातला एक ठिपका 375 मीटर बाजूचा, म्हणजे जवळजवळ 35 एकर. हा उपग्रह दुपारी आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास जातो, त्यामुळे तिन्हीसांजेला लागलेली आग रात्रीच्या फेरीशिवाय कळत नाही. 120 मीटरवरून ड्रोनचा एक ठिपका साधारण 10 सेंटिमीटरचा. उपग्रहानं रान सांगायचं आणि आपण झाड.

4. डोंगर ड्रोनला फसवतो.
ड्रोन उंची मोजतो ती उडाला त्या जागेपासून. सातपुड्याची दक्षिण बाजू तापीच्या खोऱ्यातून भिंतीसारखी उठते. पायथ्यावरून 120 मीटर उंची लावून पुढे गेलात तर समोर कडाच येतो. आधी भूरूपाचा नकाशा भरा, नाहीतर धारेवर चढून तिथून उडवा. आगीलाही चढ आवडतो. चढ दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो. त्यात दक्षिणेकडचं गवत ऊन खाऊन आधी वाळतं. नकाशावर आगीच्या वरची बाजू आधी बघा, माणसं तिथे उभी करू नका.

5. धूर आड येत नाही, पाला येतो.
मार्चमध्ये साग आणि सालई निष्पर्ण असतात, तेव्हा जमीन स्वच्छ दिसते. खरी भीती पोकळ खोडांची. वरून राख गार आणि आत दोन-दोन दिवस धुमसत राहतं. एकदा “विझली” म्हणून सगळे परतले. दुसऱ्या पहाटे राखेत एकच पांढरी रेघ दिसली, ती पडलेल्या सालईची होती. दुपारच्या वाऱ्याआधी माणसं पोचली, तिथली राख उपसून माती टाकली.

6. नकाशा त्यांच्या बोलीत द्या.
अक्षांश-रेखांश देऊन उपयोग नाही. कक्ष क्रमांक लिहा, आणि त्याखाली नाल्याचं नाव, मोठं झाड, पाण्याची जागा. कागदावर छापून द्या, वर रेंज नसते. तडवी आणि पावरा मजुरांकडून नावं आधीच गोळा करा. हे काम जानेवारीतलं, जाळरेषा काढायच्या वेळचं.

7. पडद्यावर हलणारे ठिपके.
मार्चअखेरीस एका पहाटे एका झाडाखाली पाच पांढरे ठिपके वाकून सरकत होते. मोहफुलं वेचणाऱ्या बाया आणि पोरं होती ती. शेजारच्या झाडाभोवती गोल, अजून ऊबदार राख. फुलं दिसावीत म्हणून खालचा पाला जाळतात आणि तीच आग रान खाते. त्या माणसांवर मला राग नाही, मोह हे त्यांचं वर्षाचं मीठ-मिरची आहे. पण पाला झाडून घ्या, नाहीतर झाडाखाली जुनी लुगडी अंथरा. फुलं स्वच्छ मिळतात आणि झाडही वाचतं. आणि रानात कुठेही धूर दिसला तर आमची वाट बघू नका, वनविभागाचा 1926 हा क्रमांक लावा.