सवीर्यता अवधी आणि संगणकावरील आलेख

शार्ङ्गधराचार्यांनी चूर्णाचा सवीर्यता अवधी दोन महिने, तर गुटिका व लेह यांचा एक वर्ष सांगितला आहे. आजच्या निर्मात्यास लेबलवर महिना व वर्ष छापावे लागते. त्या तारखेस प्रयोगशाळेतील मोजमापाचा आधार असेल, तर त्या आकड्यांतून रेषा कशी ओढली गेली हे वैद्य व औषधनिर्माते या दोघांसही कळणे अगत्याचे आहे. आम्ही स्वतः एका अहवालावर केवळ ‘आर-वर्ग ०.९९ हून अधिक’ एवढे पाहून सही केली होती. त्या चुकीतूनच प्रस्तुत लेखाचा विषय निघाला.

या कामासाठी ओरिजिन हे सशुल्क, तर सायडॅव्हिस, लॅबप्लॉट व ग्नूप्लॉट ही विनामूल्य सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. सायडॅव्हिसमध्ये एका स्तंभात महिने व दुसऱ्यात घटकाची टक्केवारी भरून प्रथम केवळ बिंदू काढावेत. बिंदू डोळ्यांखालून घातल्याशिवाय रेषेकडे वळू नये. त्यानंतर ‘ॲनालिसिस’ मेनूतील ‘फिट विझार्ड’ उघडून सूत्र द्यावे.

उदाहरणादाखल आम्ही रचलेले आकडे घेऊ. चूर्णातील मार्कर घटक आरंभी १००, तिसऱ्या महिन्यात ९४.२, सहाव्यात ८८.७, नवव्यात ८३.५ व बाराव्यात ७८.७ टक्के आहे. सरळ रेषा बसवली असता उतार दरमहा १.७८ टक्के व आर-वर्ग ०.९९८७ येतो. हा आकडा पाहून कोणाचेही समाधान होईल. परंतु प्रत्यक्ष आकड्यातून रेषेवरील आकडा वजा करून उरणारे फरक, म्हणजे अवशेष, मांडले की ते अनुक्रमे +०.३२, –०.१५, –०.३२, –०.१९ व +०.३४ असे येतात. दोन्ही टोके रेषेच्या वर आणि मधले तिन्ही बिंदू खाली! खरी रेषा वाकलेली असल्याचे हे चिन्ह आहे. दरमहा ०.०२ या दराने घटणारी घातांकी वक्ररेषा हेच बिंदू जवळजवळ तंतोतंत गाठते.

घटक ९० टक्क्यांवर येण्यास सरळ रेषेने सुमारे ५.४ महिने, तर वक्ररेषेने ५.३ महिने लागतात. म्हणजे नोंदींच्या आत दोघींत फारसा भेद नाही. छत्तिसाव्या महिन्यात मात्र सरळ रेषा ३६ टक्के सांगते व वक्ररेषा ४९. साठाव्या महिन्यात तर सरळ रेषेनुसार औषधात उणे ७ टक्के घटक उरतो! यावरून वक्ररेषा नेहमीच अधिक विश्वसनीय असे मानू नये. सरळ रेषा चुकली तर निर्मात्याचा चांगला माल वाया जातो. वक्ररेषा चुकली तर हीनवीर्य औषध रुग्णाच्या पोटात जाते. पावसाळ्यात पाकिटात ओल शिरली की ऱ्हास एकाएकी वाढतो, तेथे दोन्ही सूत्रे निरुपयोगी ठरतात. शिवाय मोजमापातच एक-दोन टक्क्यांची चूक होत असेल, तर वरील ०.३ चे अवशेष त्यात बुडून जातील व कोणती रेषा खरी हे ठरणारच नाही. अशा वेळी नोंदी आणखी काही महिने चालू ठेवणे, एवढाच उपाय.

संगणक वक्ररेषा बसवतो ती लेव्हेनबर्ग (१९४४) व मार्क्वार्ट (१९६३) यांच्या पद्धतीने, टप्प्याटप्प्याने. तिला आरंभीचा अंदाज द्यावा लागतो. येथे १०० व ०.०१ पुरेसे आहेत. भलताच अंदाज दिल्यास भलतेच उत्तर येऊ शकते. एक्सेलमधील घातांकी ट्रेंडलाइन आकड्यांचे लॉगरिदम घेऊन सरळ रेषा बसवते, त्यामुळे तिचे उत्तर किंचित निराळे येते. गोंधळून जाऊ नये. अवधी ठरवताना मधली रेषा न पाहता ९५ टक्के विश्वास-मर्यादेची खालची रेषा ९० टक्क्यांस कोठे छेदते ते पाहावे. तारीख थोडी अलीकडे येते, हे खरे.

प्रयोगशाळेकडून छापील आलेखावर न थांबता मूळ आकडे मजकूर-फाईलच्या रूपात मागून घ्यावेत. आम्ही सही केलेल्या त्या अहवालाचे आकडे आमच्यापाशी नाहीत, त्यामुळे त्याचे अवशेष आज काढून पाहता येत नाहीत.