घराचे मोल वाढविणाऱ्या अल्पखर्ची सुधारणा
वर्धा जिल्ह्यातील गावठाणांच्या संदर्भात

ग्रामीण कुटुंबाच्या दृष्टीने शेतीखालोखालची मोठी मालमत्ता म्हणजे राहते घर. दीर्घ आजारपण, मुलांचे उच्च शिक्षण किंवा नोकरीनिमित्त स्थलांतर अशा प्रसंगी ते विकण्याची अथवा तारण ठेवण्याची वेळ येते आणि त्या वेळी पदरात काय पडते यावर कुटुंबाची पुढील वाटचाल अवलंबून राहते. विक्री ठरली की बहुधा रंगरंगोटीचा विचार प्रथम होतो. घर घेणारा मात्र भिंतीच्या पायथ्याची ओल, आढ्याखालचे लाकूड आणि मालकीचा कागद पाहतो. त्याच्या मनातील शंका जो खर्च दूर करतो, तोच खर्च किमतीत भरून येतो. या दृष्टीने कोणती कामे आधी व कोणती नंतर करावीत, याचा विचार येथे केला आहे.

काळी जमीन आणि पाणी

वर्धा जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या मातीचा आहे. कपाशीला मानवणारी ही माती घराच्या पायाला मात्र त्रासदायक ठरते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि या हालचालीने भिंतींना तडे जातात. तडा केवळ सिमेंटने बुजविल्यास तो पुढल्या वर्षी पुन्हा उघडतो. त्याच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी आणि वर्षभर निरीक्षण करावे. तडा वाढत असेल तर प्रथम पायाकडे जाणारे पाणी थांबवावे, डागडुजी नंतर करावी.

यासाठीचा उपाय साधा आहे. घराभोवती सुमारे तीन फूट रुंदीची काळी माती फूटभर खोल काढून तेथे मुरूम ठोकून बसवावा आणि त्यावर बाहेरच्या बाजूस उतरता कोबा करावा. वळचणीच्या पागोळ्या या पट्ट्यावर पडून पाणी दूर वाहून जाते. न्हाणीचे सांडपाणी भिंतीलगत मुरू देऊ नये. ते नालीने सांदवाडीतील परसबागेकडे न्यावे. काळ्या मातीत पाणी लवकर जिरत नाही. म्हणून शोषखड्डा घ्यावयाचा झाल्यास तो मुरमाच्या थरापर्यंत पोहोचला पाहिजे. मोठी झाडे भिंतीलगत लावणेही टाळावे, कारण त्यांची मुळे पायाखालची ओल शोषून घेतात व जमीन असमान खचते.

सेवाग्रामचा वस्तुपाठ

महात्मा गांधी १९३६ साली शेगाव येथे वास्तव्यास आले. तेच गाव पुढे सेवाग्राम म्हणून प्रसिद्ध झाले. तेथील आदी निवास व बापू कुटी या माती, बांबू, लाकूड आणि कवेलूंच्या वास्तू आजही उभ्या आहेत. पुढे आलेले छप्पर आणि पडवी यांमुळे पावसाचा मारा व ऊन थेट भिंतीवर येत नाही. या रचनेला दरवर्षीच्या निगराणीची जोड मिळाल्यानेच मातीची भिंत इतकी वर्षे टिकली आहे. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानेही स्थानिक साहित्यातून टिकाऊ घर उभारण्याचे प्रयोग केले.

तेव्हा मातीचे घर आहे म्हणून खचून जाण्याचे कारण नाही. पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरून घ्यावेत, कुजलेली लाकडे बदलावीत, वाळवीचे माग दिसताच बंदोबस्त करावा. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मात्र करू नये. तो मातीला नीट धरत नाही, आतली ओल कोंडून ठेवतो आणि काही वर्षांत पापुद्र्यासारखा सुटतो. चुन्याचा किंवा भुसा व शेण मिसळलेल्या मातीचा गिलावा अधिक योग्य होय. मे महिन्यात जिल्ह्यातील तापमान ४५ अंशांच्याही वर जाते. अशा वेळी टिनाच्या छपरास वरून चुन्याची सफेदी आणि आतून तट्ट्यांचे छत दिल्यास खोली राहण्याजोगी होते.

शौचालय व न्हाणी

वर्धा शहराला लागून असलेल्या नालवाडी, पिपरी, सावंगी यांसारख्या गावांत शिक्षण व नोकरीसाठी येणारी कुटुंबे घर पाहतात, तेव्हा वापरण्याजोगे शौचालय व आडोशाची न्हाणी ही पहिली अपेक्षा असते. २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानात पात्र कुटुंबांना शौचालयासाठी १२,००० रुपये प्रोत्साहनपर देण्यात आले. दोन खड्ड्यांची रचना सोयीची ठरते. एक खड्डा भरल्यावर तो बंद करून दुसरा वापरावा. दोन वर्षांत पहिल्यातील मैल्याचे खत होते. खड्डे विहिरीपासून ५० फुटांहून अधिक दूर असावेत.

कागदाची डागडुजी

ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा करआकारणीचा उतारा आहे. तो उपयुक्त असला, तरी केवळ त्यावरून मालकी सिद्ध होत नाही. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी हाती घेण्यात आली. मोजणी व चौकशी पूर्ण झालेल्या गावांत मिळकत पत्रिका मिळते आणि बँकेकडे कर्ज मागताना तिचा आधार होतो. वारसांची नोंद वेळेवर करणे, सीमेचा वाद सामोपचाराने मिटविणे आणि घरपट्टीच्या पावत्या जपणे याला खर्च अल्प लागतो. परंतु नोंद नसलेला एक वारसही ठरलेला व्यवहार अडवू शकतो. घराच्या नोंदीत पतीबरोबर पत्नीचेही नाव असावे, म्हणजे तिच्या संमतीवाचून घर हातचे जाण्याचा धोका कमी होतो.

ग्रामपंचायतीचे कर्तव्य

एक बाब घरमालकाच्या हाती नाही. गल्लीतील जुन्या रस्त्यावर पुन्हा नवा सिमेंटचा थर टाकला की रस्ता उंच होतो, जोते खाली जाते आणि पावसाचे पाणी घरात शिरते. गावाच्या सोयीसाठी केलेल्या कामानेच अशा प्रकारे घरांचे मोल घटते. म्हणून रस्त्याचे अंदाजपत्रक मंजूर करताना दोन्ही बाजूंच्या जोत्यांची पातळी तपासावी, आवश्यक तेथे जुना थर खोदून काढावा आणि नालीचा उतार प्रथम निश्चित करावा. सदस्यांनी हा प्रश्न ग्रामसभेत आग्रहाने मांडावा. शिक्षकांनाही विद्यार्थ्यांकडून शाळेच्या परिसरात पाण्याचा उतार व भिंतींची ओल यांची पाहणी करून घेता येईल.

सारांश, आधी पाणी, मग छप्पर, त्यानंतर शौचालय व न्हाणी आणि सर्वांत शेवटी रंग, असा क्रम ठेवावा; कागदपत्रांचे काम मात्र पहिल्या दिवसापासूनच हाती घ्यावे. असे घर विकावे लागले तर योग्य किंमत देईल आणि विकावे न लागले तर पुढील पिढीला सुखाने सामावून घेईल.