एकच गाणं तीनदा का?

प्रश्न : मुलाने लेड झेपेलिनच्या ‘कम्प्लीट बीबीसी सेशन्स’ या तीन सीडींचा संच भेट दिला. कॉलेजात असताना या बँडच्या रेकॉर्डी मित्राच्या घरी बसून ऐकल्या होत्या, त्यामुळे हौसेने ऐकायला घेतला. पण पहिल्याच सीडीवर ‘कम्युनिकेशन ब्रेकडाउन’ तीन वेळा! आणि तिसऱ्या सीडीवरची शेवटची तीन गाणी तर खोल विहिरीतून आल्यासारखी ऐकू येतात. स्वतःच्या रेकॉर्डी निघत असताना एवढा मोठा बँड रेडिओवर जाऊन तीच गाणी पुन्हा का वाजवत होता? बीबीसीने जपलेल्या टेपा अशा कशा? की कंपनीने नुसता गल्ला भरून घेतलाय? आणखी एक : हे लोक मुंबईतही रेकॉर्डिंग करून गेले होते म्हणे. ते यात का नाही? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : गल्ला तर भरलाच. १९९७ साली ‘बीबीसी सेशन्स’ नावाने दोन सीडी निघाल्या. २०१६ मध्ये त्याच दोन सीडी तिसरी जोडून पुन्हा बाजारात आल्या, आणि चाहत्यांनी तोच माल दुसऱ्यांदा विकत घेतला. तुमचा संशय अगदीच अनाठायी नाही. मात्र ज्या तीन गाण्यांवर तुम्ही वैतागलात, नेमक्या त्यांच्यासाठीच मी तिसऱ्या सीडीचे पैसे मोजले असते. तिकडे येतोच.

आधी, बँड रेडिओवर का जात होता ते. ब्रिटनमध्ये तेव्हा ‘नीडल टाइम’ नावाची भानगड होती. बाजारातल्या रेकॉर्डी रेडिओवर किती वेळ लावायच्या, यावर बीबीसी, रेकॉर्ड कंपन्यांची संघटना आणि वादकांची युनियन यांच्यातल्या करारांनी मर्यादा घातली होती. साठच्या दशकात बराच काळ बीबीसीच्या सगळ्या वाहिन्यांना मिळून दिवसाला जेमतेम पाच तास येत. युनियनचा हिशेब सरळ होता : दिवसभर तबकड्याच फिरल्या तर जिवंत वादकांना कोण बोलावणार? कंपन्यांनाही भीती होती की गाणं फुकटात ऐकायला मिळालं तर रेकॉर्ड खपायची नाही. उरलेला वेळ भरायला बीबीसी आपल्या पदरच्या वाद्यवृंदांकडून चालू हिट गाणी वाजवून घेई. ती ऐकून तरुण पोरांचं काय होत असेल, याची कल्पना करा.

पोरं पळाली समुद्रावर. रेडिओ कॅरोलाइन, रेडिओ लंडन ही चोरटी केंद्रं किनाऱ्यापासून दूर नांगरलेल्या जहाजांवरून दिवसरात्र रेकॉर्डी लावत. आपल्याकडे पन्नाशीच्या दशकात आकाशवाणीने सिनेसंगीताला दार लावलं तेव्हा अख्खा देश रेडिओ सिलोनकडे वळला होता, मामला तोच. ऑगस्ट १९६७ मध्ये ब्रिटिश सरकारने कायदा करून ही जहाजं बेकायदा ठरवली आणि ३० सप्टेंबरला बीबीसीने तरुणांसाठी ‘रेडिओ वन’ सुरू केलं. चोरट्या केंद्रांवरचे निवेदकच तिथे नोकरीला लागले. रेडिओ लंडनवर रात्री उशिरा हवं ते वाजवणारा जॉन पील त्यांतलाच एक.

केंद्र नवं, पण नीडल टाइमचं बंधन जुनंच. बीबीसीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेलं गाणं मात्र ‘रेकॉर्ड’ धरलं जात नसे. म्हणून बँडला बोलवायचं, दुपारी चार-पाच गाणी वाजवून घ्यायची, ठरलेलं मानधन द्यायचं आणि काही दिवसांनी कार्यक्रमात लावायची. हेच ते ‘सेशन’. युनियनचा नियम होता वादकांच्या पोटासाठी. त्यातून रॉक संगीताचा एवढा मोठा ठेवा तयार होईल, हे करारावर सह्या करणाऱ्या कुणाच्या डोक्यातही नव्हतं. क्रीम, फ्लीटवुड मॅक, हेंड्रिक्स, फ्री, रोरी गॅलाहर या सगळ्यांचे बीबीसी संच आज मिळतात ते त्या कृपेने.

झेपेलिनला याची गरजही होती. ब्रिटनमध्ये सिंगल काढायचं नाही, हा त्यांचा आणि मॅनेजर पीटर ग्रँटचा हट्ट. पहिला अल्बम जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकेत निघाला, मायदेशी तो दुकानात यायला मार्चअखेर उजाडली. पीलच्या ‘टॉप गियर’ या रेडिओ वनवरच्या कार्यक्रमासाठी त्यांनी ३ मार्चला लंडनच्या प्लेहाउस थिएटरमध्ये पहिलं सेशन केलं आणि ते २३ मार्चला लागलं. म्हणजे कित्येक ब्रिटिश श्रोत्यांनी हा बँड पहिल्यांदा ऐकला तो रेडिओवरच.

आता तुमचं तीनदा वाजणारं गाणं. त्या वर्षी जूनच्या सोळा तारखेला बँड एओलियन हॉलमध्ये होता, चोवीसला मेडा व्हेलच्या स्टुडिओत आणि सत्तावीसला पुन्हा प्लेहाउसमध्ये. बारा दिवसांत तीन सेशन्स, तीन वेगळ्या कार्यक्रमांसाठी. (पहिल्याचं नाव ‘टेस्टी पॉप संडे’. आइस्क्रीमच्या दुकानाला शोभेल असल्या नावाच्या कार्यक्रमात हा गडगडाट कसा वाटला असेल!) प्रत्येक निर्मात्याला एखादं अडीच-तीन मिनिटांचं, सुसाट गाणं हवंच असायचं आणि बँडकडचं तसं हुकमी गाणं एकच. एकाचं प्रसारण २२ जूनला, दुसऱ्याचं २९ला, तिसऱ्याचं थेट १० ऑगस्टला. श्रोत्यांना ते कधी सलग ऐकू आलंच नाही. ही तिन्ही एका सीडीवर शेजारी येऊन बसतील आणि कोल्हापुरात कुणी ती ओळीने ऐकेल, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

म्हणून सीडी सलग लावू नका. पुस्तिकेतल्या तारखा बघून एका दिवशी एकच सेशन ऐका. सत्तावीस तारखेचं सेशन समोर प्रेक्षक बसवून केलेलं आहे, तो फरक लगेच कानात भरतो. जिमी पेजने गिटारचा एकल तुकडा कुठेही जसाच्या तसा वाजवलेला नाही. स्टुडिओतला अल्बम म्हणजे निवडलेला एक दिवस. सेशन्समध्ये त्या गाण्याचे बाकीचे दिवस सापडतात.

चोवीस तारखेचं सेशन माझ्या मते संचातलं सर्वोत्तम. ‘होल लॉट्टा लव्ह’ त्यात आहे, ते ज्या अल्बममध्ये आलं तो बाजारात यायच्या चार महिने आधी. याच गाण्यावरून पुढे ब्लूज गीतकार विली डिक्सनने १९८५ साली दावा ठोकला आणि तडजोडीनंतर त्याचं नाव श्रेयात आलं. उसनवारी कबूल करायला हा बँड नेहमीच जरा मागे राहिला, हे चाहत्यांनीही मान्य करायला हवं. त्याच सेशनमधलं ‘ट्रॅव्हलिंग रिव्हरसाइड ब्लूज’ रॉबर्ट जॉन्सनच्या १९३७च्या गाण्यावरून घेतलेलं. आठ दिवस आधीच्या सेशनमधलं ‘द गर्ल आय लव्ह’ स्लीपी जॉन एस्टिसच्या १९२९मधल्या गाण्यावर उभं आहे. ही दोन्ही त्यांच्या त्या काळच्या एकाही अल्बमवर नाहीत. रेडिओचं बोलावणं आलं नसतं तर ती कदाचित उरलीच नसती.

बीबीसीने या टेपा जपल्या, हा समज मात्र सोडा. टेप महाग होती, कपाटं अपुरी होती आणि पुनर्प्रसारणासाठी कलाकारांना पुन्हा पैसे द्यावे लागत. मग एकदा-दोनदा लावून झालं की टेप पुसायची आणि तिच्यावर पुढचं काहीतरी भरायचं. पॉप संगीत साठवून ठेवावं असं कुणा वरिष्ठाला वाटायचंही कारण नव्हतं. बरीचशी सेशन्स वाचली ती आडवाटेने. बीबीसीचा ‘ट्रान्स्क्रिप्शन सर्व्हिस’ हा विभाग निवडक कार्यक्रमांच्या तबकड्या काढून परदेशी केंद्रांना पाठवायचा. करार संपला की त्या नष्ट करायच्या, असा दंडक होता. सुदैवाने तो सगळ्यांनीच पाळला नाही. दुसरी वाट म्हणजे घरी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर लावून बसलेले श्रोते.

तुमची खोल विहिरीतली तीन गाणी या दुसऱ्या वाटेने आली. ब्रिटिश ब्लूजचा वडीलधारा माणूस अॅलेक्सिस कॉर्नर बीबीसीच्या वर्ल्ड सर्व्हिसवर एक कार्यक्रम करी. झेपेलिनमध्ये येण्याआधी गायक रॉबर्ट प्लांट त्याच्याबरोबर गायला होता, त्यामुळे घरोबा जुना. त्या कार्यक्रमासाठी मार्च १९६९ मध्ये बँडने तीन गाणी वाजवली आणि ती एप्रिलमध्ये लागली. मूळ टेप नाहीशी झाली. आज आहे ती रेडिओवरून उतरवून घेतलेली प्रत, आणि तुम्ही ऐकता ती खरखर, तो दबका आवाज त्या प्रसारणाचा. त्यातलं ‘सनशाइन वुमन’ त्यांनी अल्बमसाठी कधीच रेकॉर्ड केलं नाही. याखेरीज ते कुठेही उपलब्ध नाही. आवाज कितीही साफ केला तरी रेडिओवरून जे पोचलंच नाही ते परत कुठून आणणार? पेजने ते तसंच ठेवलं, बरं केलं.

दुसऱ्या सीडीवर आवाजाची अशी कसलीच तक्रार राहणार नाही. १ एप्रिल १९७१ची लंडनच्या पॅरिस थिएटरमधली ही मैफल. थिएटर कसलं, रीजंट स्ट्रीटच्या खालच्या अंगाला असलेलं जुनं सिनेमागृह; चारेकशे प्रेक्षक मावतील एवढं. १९६९ची सेशन्स मोनो आहेत, ही स्टिरिओ. ‘डेझ्ड अँड कन्फ्युज्ड’ अठरा मिनिटांच्या पुढे जातं आणि माझी सहनशक्ती त्याआधी संपते. पण ‘स्टेअरवे टू हेवन’ अवश्य ऐका. अल्बम नोव्हेंबरात यायचा होता. महिन्याभरापूर्वी बेलफास्टमध्ये ते पहिल्यांदा जाहीरपणे वाजलं होतं. समोरच्या मंडळींना ते काय आहे याची फारशी कल्पना असायचं कारण नव्हतं. शेवटी टाळ्या पडतात त्या चांगल्या नव्या गाण्याला पडाव्यात तेवढ्याच. पुढे या गाण्याभोवती जी पूजाअर्चा जमली, तिचा इथे मागमूस नाही. तीन दिवसांनी ते रेडिओवर लागलं, लोकांनी उतरवून घेतलं आणि मग २६ वर्षं चोरट्या रेकॉर्डींचा धंदा त्यावर बरा चालला.

राहिली मुंबई. ऐकलंत ते खरं आहे. पेज आणि प्लांट १९७२ साली मुंबईत आले, इथल्या स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही दोन गाणी नव्याने बांधून पाहिली आणि कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या क्लबमध्ये तिथलीच वाद्यं घेऊन वाजवलंही. त्या रेकॉर्डिंगचा रेडिओशी संबंध नाही, म्हणून ते तुमच्या संचात नाही. २०१५ मध्ये ‘कोडा’ या अल्बमच्या वाढीव आवृत्तीत ती दोन्ही गाणी बॉम्बे ऑर्केस्ट्राच्या नावाने अधिकृतपणे निघाली. तोवर ४३ वर्षं तीही चोरट्या प्रतींतूनच फिरत होती.