शिकणाऱ्या बायका मोजायच्या कशा?

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत आपण बचत मोजतो, कर्ज मोजतो, परतफेड मोजतो. एका रुपयाचा फरक पडला तरी सचिव ताई वही पुन्हा तपासते. दशसूत्रीत शिक्षण हेही एक सूत्र आहे. पण त्यावर बोलणं निघालं की आपण मुलांच्या शाळेबद्दलच बोलतो. गटातल्या किती जणी आज स्वतः कॉलेज शिकतायत, किती जणींना शिकायचं आहे आणि किती जणींचं मधेच थांबलं, याची नोंद कुठल्याच वहीत नसते.

आपल्या भागात अशा बाया आहेत. कुणाचं बारावीनंतर लगेच लग्न झालं. कुणी मुलं मोठी झाल्यावर मुक्त विद्यापीठात नाव घातलं. कुणी ऊसतोडीहून परत आल्यावर पुस्तक उघडते. सरकारच्या आकड्यात त्या कुठे दिसतात? या पाठात आपण तेच बघणार आहोत. शेवटी आपल्या गावात ही मोजणी कशी करायची तेही दिलं आहे.

सरकार कसं मोजतं?

देशातल्या कॉलेजांची आणि विद्यापीठांची मोजणी दरवर्षी होते. तिला अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण म्हणतात. ते २०१०-११ पासून सुरू आहे. प्रत्येक कॉलेज आपल्याकडे किती मुलं-मुली शिकतात ते ऑनलाइन भरतं. त्यातून एक मोठा आकडा निघतो, त्याचं नाव सकल नोंदणी प्रमाण. कागदावर 'जीईआर' असंही लिहितात.

हिशेब असा आहे: वरच्या बाजूला कॉलेजात शिकणारे सगळे जण, मग वय कितीही असो. खालच्या बाजूला १८ ते २३ वयाची सगळी लोकसंख्या. वरच्याला खालच्याने भागायचं आणि १०० ने गुणायचं.

२०२१-२२ मध्ये देशात सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षणात होते. त्यात सुमारे २ कोटी ७ लाख मुली आणि बाया होत्या. जीईआर होता २८.४. अनुसूचित जमातींसाठी तो २१.२ होता. २०३५ पर्यंत हा आकडा ५० वर न्यायचा, असं २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात लिहिलं आहे.

आता नीट बघा. ३५ वर्षांची ताई बी.ए.ला बसली तर ती वरच्या बाजूला मोजली जाते. पण तिच्याच वयाच्या ज्या बायांना शिकता आलं नाही, त्या खालच्या बाजूला नाहीत, कारण खाली फक्त १८ ते २३ वयाचे आहेत. म्हणजे शिकणारी ताई आकडा वाढवते, आणि राहून गेलेल्या तिच्या मैत्रिणी हिशेबातच येत नाहीत.

एक उदाहरण सोडवू

समजा, एका गावात १८ ते २३ वयाच्या १०० मुली आहेत. त्यातल्या १५ कॉलेजला जातात. त्याच गावातल्या २४ ते ५० वयाच्या ५ बाया मुक्त विद्यापीठात शिकतात.

पहिला हिशेब सरकारी पद्धतीचा. वर १५ अधिक ५, म्हणजे २०. खाली १००. उत्तर २० टक्के. चांगलं दिसतं.

आता दुसरा हिशेब करू. गावात २४ ते ५० वयाच्या बाया आहेत ४००. त्यातल्या ५ शिकतात. उत्तर सव्वा टक्का. म्हणजे शंभरातली जेमतेम एक.

तिसरा हिशेब. त्या ४०० पैकी बारावी झालेल्या पण पदवी न झालेल्या बाया आहेत ४०, त्यात शिकणाऱ्या पाचही आल्या. पाचाला चाळीसने भागलं तर साडेबारा टक्के. म्हणजे आठातली एक.

बाया त्याच पाच, पण उत्तरं तीन, आणि तिन्ही बरोबर. पहिलं उत्तर सांगतं की गावातून कॉलेजात किती जण गेले. दुसरं सांगतं की मोठ्या वयाच्या किती बायांपर्यंत शिक्षण पोचलं. तिसरं सांगतं की ज्या आज प्रवेश घेऊ शकतात त्यांतल्या किती जणींनी घेतला. आपल्या गटाच्या कामाचं तिसरं उत्तर आहे, कारण त्यातून कळतं की आणखी ३५ जणी दाराशी उभ्या आहेत. म्हणून कुणी टक्का सांगितला की एक प्रश्न विचारायचाच: "खाली कोण धरलं आहे?"

कुठे मोजलं, हेही महत्त्वाचं

सरकारी मोजणी कॉलेजाच्या दारात होते. मोलगीची मुलगी नाशिकच्या कॉलेजात शिकत असेल तर ती नाशिकच्या कॉलेजाच्या पटावर येते, अक्कलकुव्याच्या नाही. मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र दुसऱ्या तालुक्यात असलं तरी असंच होतं. मग आपल्या तालुक्यातल्या किती बाया शिकतायत, हे कॉलेजांचे कागद बघून कळत नाही. ते घरोघरी विचारूनच कळतं.

घरोघरी जाऊन केलेली सरकारी सर्वेक्षणंही आहेत. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने २०१४ मध्ये शिक्षणावर फेरी केली, तेव्हा सध्या कुठे शिकता हा तपशील ५ ते २९ वयाच्या लोकांपुरता घेतला. २०१७-१८ च्या फेरीत ही मर्यादा ३ ते ३५ वर्षं झाली. म्हणजे ३६ वर्षांची ताई बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असली तरी तिची माहिती त्यात येत नव्हती. पण यातून एक चांगली गोष्टही दिसते. मर्यादा २९ वरून ३५ झाली. वयाची रेघ माणसांनीच ओढलेली असते, आणि ती सरकवता येते.

'नेहमीचा विद्यार्थी' म्हणजे कोण?

बारावी झाली, लगेच कॉलेज, वय अठरा, खर्च आई-वडिलांचा, दिवसभर वर्गात. असा विद्यार्थी धरूनच वेळापत्रक, बस, वसतिगृह ठरतं. बाकीचे सगळे 'वेगळे'.

अमेरिकेत शिक्षणाची आकडेवारी ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने फक्त वय बघणं सोडून सात खुणा ठरवल्या: शाळेनंतर लगेच कॉलेजात न जाणं, अर्धवेळ शिकणं, शिकताना पूर्णवेळ काम करणं, स्वतःच्या पैशावर असणं, सांभाळायला मुलं किंवा माणसं असणं, एकट्याने मूल वाढवणं, आणि शाळा नेहमीच्या मार्गाने पूर्ण न होणं. १९९९-२००० मध्ये तिथल्या पदवीच्या शंभर विद्यार्थ्यांपैकी ७३ जणांत यातली एक तरी खूण निघाली. ज्यांना 'वेगळे' म्हणत होते तेच जास्त होते!

आपल्या गटातल्या ताईला या सात खुणा लावून बघा. अर्ध्याहून जास्त जुळतील.

आपल्याकडे अशांसाठी सोय झालेली आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये सुरू झालं आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये. पदवीला तिथे वयाची वरची अट नाही. दहावी-बारावी राहिली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा मार्गही आहे. अक्षरओळखच नसेल तर १५ वर्षांपुढच्या सगळ्यांसाठी उल्लास हा साक्षरतेचा कार्यक्रम आहे. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यातल्या सात वर्षांवरच्या शंभर मुली-बायांपैकी साधारण ५६ जणीच साक्षर होत्या. म्हणून आपली मोजणी फक्त पदवीपासून सुरू करून चालणार नाही. दहावी आणि बारावीच्या पायऱ्याही धराव्या लागतील.

आणि हे सगळं कशासाठी? अंगणवाडी सेविकेच्या भरतीला आता बारावी पास लागतं. भरतीला वयाचीही अट असते. जागा निघाल्यावर फॉर्म शोधायला लागलो तर उशीर होतो. दाराशी उभ्या असलेल्या बायांची यादी आधीच तयार असेल तर ग्रामसंघ त्यांना वेळेत सांगू शकतो.

मोजताना होणाऱ्या तीन चुका

एक, फॉर्म मोजणं. एकच ताई पदवीला आहे आणि सोबत एक प्रमाणपत्र कोर्सही करते. कोर्स दोन, पण ताई एक. आपण ताई मोजायची.

दोन, प्रवेश म्हणजेच शिक्षण समजणं. प्रवेश दहा जणींनी घेतला, परीक्षेला सहा बसल्या, पास चार झाल्या. हे तिन्ही आकडे वेगळे लिहायचे. कर्ज किती वाटलं आणि किती फिटलं हे आपण एकाच रकान्यात लिहितो का?

तीन, थांबलेलीला 'सोडलं' म्हणणं. मुक्त विद्यापीठात एखादं वर्ष चुकलं तरी मुदतीत पुढे चालू करता येतं. बाळंतपण झालं, कामासाठी गुजरातेत गेली, सासू आजारी पडली म्हणून जी थांबली, तिच्यापुढे 'थांबली' लिहा आणि कारणही लिहा. त्या कारणांतूनच आपल्याला काम सापडणार आहे.

आपल्या ग्रामसंघाची मोजणी

मोजणी वर्षातून दोनदा करा. पहिली सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, प्रवेश होऊन गेल्यावर आणि दिवाळीनंतर माणसं कामाला बाहेर जायच्या आधी. दुसरी होळीनंतर, माणसं गावी परतली की. दिवाळी आणि होळीच्या मधे मोजलं तर निम्मी घरं बंद मिळतील आणि आकडा खोटा येईल.

प्रत्येक गटाच्या सचिवाने १८ वर्षांवरच्या प्रत्येक सदस्येला हे आठ प्रश्न विचारायचे:

१. वय किती?
२. शेवटची पास इयत्ता कोणती?
३. आता कुठे शिकतेस का? कोणता वर्ग, कोणतं केंद्र?
४. शेवटची परीक्षा दिलीस का? निकाल काय?
५. मधे शिक्षण किती वर्षं थांबलं होतं, कशामुळे?
६. घरात सांभाळायची मुलं-माणसं किती? मजुरीला जातेस का?
७. केंद्रावर जायला किती वेळ आणि किती भाडं लागतं?
८. शिकत नसशील, तर शिकायचं आहे का? काय अडतं?

प्रश्न आपल्या बोलीत विचारा. फॉर्म मराठीत असला तरी ताईला जे समजतं त्या भाषेत बोला. उत्तर नवऱ्याकडून किंवा सासूकडून घेऊ नका. कुणाची नापासाची गोष्ट बैठकीत मोठ्याने वाचू नका. नावं सचिवाच्या वहीत राहतील, ग्रामसंघाकडे फक्त बेरजा जातील. सासरी आलेल्या सुनेला ती आज राहते त्या गावात मोजा, म्हणजे ती दोनदा येणार नाही.

कागदांचा एक वेगळा रकाना ठेवा. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, यात पुष्कळ बाया प्रवेशाच्या वेळी अडकतात. ज्यांची नावं जुळत नाहीत त्यांनी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावं.

आकडा हातात आल्यावर

आकडा वहीत ठेवण्यासाठी नसतो. ग्रामसंघ दरवर्षी गरिबी निर्मूलनाचा आराखडा ग्रामपंचायतीला देतो. त्यात हे आकडे घाला आणि ग्रामसभेत मांडा. "बायांच्या शिक्षणाची सोय करा," असं म्हटलं तर सगळे मान हलवतात आणि विसरतात. "आमच्या गावात बारावी झालेल्या ४० बाया आहेत, ३५ जणी शिकत नाहीत, त्यातल्या २० जणींनी केंद्र लांब असल्याचं कारण दिलं," असं म्हटलं तर त्यावर उत्तर द्यावंच लागतं.

प्रभागातल्या सगळ्या ग्रामसंघांची बेरीज झाली तर मागणी आणखी पक्की होते. देवगोई घाटाच्या वरच्या गावांतून किती बाया रविवारच्या संपर्क सत्राला खाली उतरतात, त्यांना किती भाडं लागतं, वर मोलगीला केंद्र झालं तर किती जणी येतील, हे आकड्यात सांगता आलं पाहिजे. विद्यापीठालाही नवं केंद्र देताना किती विद्यार्थी मिळतील हेच बघायचं असतं.

काही कामं तर गटालाच करता येतात. अडचण फीची असेल तर अंतर्गत कर्जात शिक्षणाचं कारण धरा. अडचण लहान मुलाची असेल तर परीक्षेच्या दिवशी कोण सांभाळेल ते बैठकीत ठरवा. भीती एकटं जायची असेल तर दोघी-तिघींनी एकाच केंद्राला प्रवेश घ्या.

पुढच्या बैठकीत बोलण्यासाठी

१. आपल्या गटात बारावी झालेल्या पण पदवी न झालेल्या किती जणी आहेत? त्यातल्या किती शिकतात? प्रमाण काढा.
२. 'थांबली' असं किती जणींपुढे लिहावं लागेल? सगळ्यात जास्त वेळा कोणतं कारण आलं?
३. त्यातलं कोणतं कारण गट स्वतः सोडवू शकतो, आणि कोणतं ग्रामसभेत न्यावं लागेल?
४. शिकणाऱ्या बायांचा एक रकाना आपल्या मासिक अहवालात कायमचा घालायचा का? ठराव करा आणि प्रभागसंघाला कळवा.