टाकीत मिनिटे किती?

यवतमाळहून नागपूरला स्कूटरने निघालात आणि कळंबच्या पुढे पेट्रोल संपले, तर काय कराल? स्कूटर कडेला लावाल आणि डबा घेऊन पंप शोधाल. विमानाला ही सोय नाही. आकाशात कडेला थांबता येत नाही. म्हणून लहान विमानाचा वैमानिक टाकीत लिटर किती एवढेच पाहत नाही. तेवढ्यात आपण किती मिनिटे उडू शकू, हे तो पाहतो.

एक उदाहरण घेऊ. यवतमाळजवळ भारी येथे धावपट्टी आहे. तेथून नागपूरचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे १२५ किलोमीटर. वर्धा जवळजवळ निम्म्या वाटेवर. समजा, आपले दोन आसनी विमान वारा नसताना ताशी १८० किलोमीटर वेगाने जाते आणि तासाला २४ लिटर पेट्रोल जाळते. टाकीत ४८ लिटर आहे, म्हणजे २ तासांची सोय झाली. पण त्यातली ३० मिनिटे राखीव ठेवायची. अमेरिकेच्या नियमांत बाहेर पाहून दिवसा उडणाऱ्या विमानासाठी निदान एवढी राखीव वेळ लागतेच. रात्री ४५ मिनिटे. आपल्या हाती उरली ९० मिनिटे. उंची गाठण्याचा जादा खर्च सोपेपणासाठी सोडून देऊ.

वारा नसेल तर जाऊन-येऊन सुमारे ८३ मिनिटे लागतील. आता ताशी ६० किलोमीटरचा वारा समोरून आला. तुम्ही म्हणाल, जाताना जेवढा तोटा तेवढाच येताना फायदा, फिट्टंफाट! गणित करून पाहा. जाताना जमिनीवरून पाहिलेला वेग १२०, म्हणून ६२.५ मिनिटे. येताना वेग २४०, म्हणून सुमारे ३१ मिनिटे. बेरीज जवळजवळ ९४! असे का? समोरचा वारा आपल्याला जितका वेळ अडवतो, त्याच्या निम्माच वेळ मागचा वारा ढकलतो.

वाऱ्याचा अंदाज चुकला हे वैमानिकाला कसे कळते? घड्याळ आणि नकाशा पाहून. वर्धा २१ मिनिटांत यायला हवे होते, ते ३१ व्या मिनिटाला आले. लगेच नवा हिशेब! नागपूरला उतरता आले नाही, तर कुठून परत फिरले पाहिजे? १२० किलोमीटर जायला ६० मिनिटे आणि परतायला ३०. झाली ९०. म्हणजे साठावे मिनिट ही सीमा. तेव्हा नागपूर अवघे ५ किलोमीटर पुढे असेल!

समजा, तेथे अवकाळी पावसाचे ढग खाली उतरले आहेत आणि धावपट्टी दिसत नाही. मन म्हणेल, "एवढे आलो, थोडे पुढे जाऊन पाहू." धोका नेमका इथे आहे. पुढचे प्रत्येक मिनिट राखीव पेट्रोलातून जाईल. म्हणून शहाणा वैमानिक ते मिनिट आधीच कागदावर लिहून ठेवतो आणि ते आले की वाद न घालता विमान वळवतो. वर्ध्यावर असतानाच रेडिओवरून वाईट बातमी कळली, तर तो तिथूनच वळेल.

मोठ्या विमानांनाही हे चुकत नाही. १५ जुलै २०१९ रोजी तेव्हाच्या विस्तारा कंपनीचे मुंबई-दिल्ली विमान दिल्लीतील खराब हवेमुळे लखनौकडे वळवले गेले. तेथेही नीट दिसेना, म्हणून ते प्रयागराजकडे निघाले. वाटेत लखनौची हवा सुधारल्याचे कळताच ते पुन्हा लखनौला आले. इंधन इतके कमी उरले होते की, वैमानिकांना 'मेडे' हा संकटाचा संदेश द्यावा लागला. विमान सुखरूप उतरले. पर्यायी विमानतळावरची हवाही बिघडू शकते. राखीव इंधन असते ते अशाच वेळेसाठी.

आता एक गणित तुम्ही करा. समोरचा वारा ताशी ९० किलोमीटर असेल, तर कितव्या मिनिटाला वळावे लागेल आणि किती अंतरावरून? (उत्तर: साडेसदुसष्टाव्या मिनिटाला, सुमारे १०१ किलोमीटरवरून.) वळण्याची जागा अलीकडे आली, पण मिनिट मात्र पुढे गेले. असे का झाले, याचा विचार करा.